वीस सुया आणि कुंभार्ली घाट

मी गोधड्या शिवते. लोक आईच्या, आजीच्या जुन्या साड्या आणून देतात, त्यांच्या गोधड्या करून देते. पुण्यात राहत्या घरातल्या एका खोलीत गेली अकरा वर्षं हे काम चालू आहे. गेल्या वर्षी मात्र माझं निम्मं शिवण त्या खोलीबाहेर झालं. चिपळूणजवळच्या आमच्या गावातल्या पडवीत, डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर, बँकेत टोकन हातात धरून. ऑक्टोबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ या तेरा महिन्यांत आई-अण्णांकडे तेरा फेऱ्या झाल्या, त्यातल्या अकरा स्वतः गाडी चालवून. सुरुवातीला मला विचारायला कोणी नव्हतं. ज्यांचे आईवडील असेच लांब, दोघंच राहतात, त्यांच्यासाठी जे झालं ते क्रमाने लिहून ठेवतेय.

सुरुवात २०२४ च्या गणपतीत झाली. अण्णा टपाल खात्यातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, वय ब्याऐंशी. आई सत्त्याहत्तर. फोनवर दोघंही कायम "आम्ही मजेत आहोत गो" म्हणायची. कॅलेंडरमागे खोचलेली दोन लाइट बिलं मला दिसली, दोन्ही न भरलेली. ज्या माणसाने नोकरीत कधी हिशेबाचा एक पैसा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्याच्या घरात दोन बिलं थकलेली! मग औषधांचा डबा उघडला. रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगळ्या डॉक्टरांनी दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावाने लिहून दिलेली, आणि अण्णा दोन्ही घेत होते. चक्कर येते म्हणून त्यांनी सायकल सोडली होती, ती यामुळे. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि मी पुण्याला आले, पण जीव तिकडेच राहिला.

दादा मस्कतला असतो. त्याच्याशी बोलून ठरलं ते असं: महिन्यातून एकदा तीन-चार दिवस मी जायचं, खर्च निम्मा-निम्मा. आई-अण्णांना पुण्याला आणण्याचा विषय आम्ही दोनदा काढला, दोन्ही वेळा अण्णा जेवणावरून उठले. तो विषय तिथेच थांबवला आणि ते बरं केलं.

जायचं कशाने हा पुढचा प्रश्न. एसटी मला आवडते. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चही कमी. पण गावात पोचल्यावर दवाखाना, बँक, आधार केंद्र यांसाठी दर वेळी रिक्षा ठरवायची आणि गुडघेदुखीच्या आईला तिच्यात चढवायचं, हे जमेना. आमच्या घरी गाडी आहे, माझ्याकडे परवाना आहे, पण वीस वर्षांत मी फक्त स्कूटर चालवली होती. सप्टेंबरमध्ये मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये पंधरा दिवसांचा सराव घेतला, पाच हजार रुपये. शेवटी शिकवणाऱ्या काकांना म्हटलं, मला घाट शिकवा. त्यांनी दोन दिवस पहाटे कात्रजच्या जुन्या घाटात नेलं, त्याचे दीड हजार वेगळे. त्यांचं एकच सांगणं होतं: "ताई, उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाका, ती आपली आपण थांबून थांबून उतरते." पैसे वसूल झाले म्हणाल तर या एका वाक्यात झाले.

पहिली फेरी ५ ऑक्टोबरला. पहाटे साडेपाचला निघाले. खेड-शिवापूर आणि आनेवाडी, हे दोन टोलनाके. उंब्रजला हायवे सोडायचा, मल्हारपेठवरून पाटण, पुढे कोयनानगर, हेळवाक, आणि मग कुंभार्ली घाट. सगळं मिळून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. पाटणला मिसळ मागवली आणि दोन घासांनंतर खाववेना, घाटाच्या धास्तीने. घाटात समोरून मालाचे ट्रक येत होते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम डोक्यात घोकत होते. एका वळणावर मागचा एकजण सारखा हॉर्न वाजवत राहिला, तेव्हा सरळ कडेला जागा बघून थांबले आणि त्याला जाऊ दिलं. पोफळी दिसल्यावर स्टिअरिंगवरचे हात सोडले तर तळवे ओले झालेले. घरी पोचायला सव्वाबारा झाले. आई फाटकात उभी होती. मी एकटी गाडीतून उतरलेली पाहून ती मागच्या सीटकडे बघत राहिली, जावई कुठे म्हणून.

ज्यांना हाच रस्ता घ्यायचाय त्यांच्यासाठी: घाट सकाळी दहाच्या आत उतरावा, ट्रक कमी असतात. मी पुढे पुढे पाचलाच निघू लागले. पेट्रोल जाऊन-येऊन साधारण सत्तावीसशे रुपये, टोल चारशेच्या आसपास.

त्याच फेरीत अण्णांच्या हयातीच्या दाखल्याचं काम होतं. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना तो नोव्हेंबरात द्यायचा असतो, पण ऐंशीच्या पुढच्यांसाठी १ ऑक्टोबरपासूनच सोय आहे. दाखला गेला नाही तर डिसेंबरपासून पेन्शन थांबते. एका केंद्रात गेलो. अण्णांच्या बोटांचे ठसे मशीन घेईना. आयुष्यभर शिक्के मारलेली, बागेत राबलेली बोटं, रेषा पार झिजलेल्या. दहाही बोटं लावून झाली. तिथल्या मुलाने बोटाला खोबरेल लावून पाहिलं, ओल्या फडक्याने पुसून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, पुन्हा तेच. बाहेर पडताना अण्णा म्हणाले, "मी समोर उभा आहे, आणि यांना मी जिवंत आहे हे पटत नाही." गाडीत बसेपर्यंत ते पुढे काहीच बोलले नाहीत. मला फार लागलं ते.

घरी येऊन दादाशी फोनवर बोलले. त्याने चेहऱ्यावरून होणाऱ्या दाखल्याचं सांगितलं. फोनवर दोन ॲप घ्यावी लागतात, एक 'आधार फेस आरडी' आणि दुसरं 'जीवन प्रमाण'. आधी ज्याच्या फोनवरून करायचं त्याची, म्हणजे माझी, आधार आणि चेहऱ्याने नोंद. मग अण्णांची. आधार क्रमांक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा नंबर, बँक खात्याचा नंबर, पेन्शन मंजूर करणारं खातं आणि देणारी बँक, एवढं हाताशी ठेवून बसा. आमचा पीपीओ ट्रंकेत सापडला, पिवळा पडलेला, पण पोस्टमास्तरांचा कागद, त्यामुळे घडीसुद्धा सरळ. चेहरा घेताना दोनदा नापास झालं कारण मागे खिडकी होती. मग खुर्ची फिरवून दाराकडे तोंड करून बसवलं, कॅमेऱ्याची काच पदराने पुसली, चष्मा काढला, "अण्णा, आता डोळे मिटा, उघडा." झालं. प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा नंबर, मेसेजमध्ये आला. तो वहीत लिहून ठेवा, आणि आठवड्याने दाखला मंजूर झाला का तेही तपासा. एवढं करूनही ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन दाखला करून देतो, सत्तर रुपये घेतात. हे मला नंतर कळलं, आणि तेही अण्णांकडून. त्यांना ठाऊक होतं, पण आपल्याच खात्यातल्या पोराला या कामासाठी घरी बोलवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

आता सुयांचं सांगते. आई माझी गुरू. गोधडी, आमच्याकडे वाकळही म्हणतात, ती मी तिच्याकडे पाहूनच शिकले. जुन्या लुगड्याचे पदर अंथरायचे, चहूबाजूंनी कच्चे टाके घालून थर धरून ठेवायचे, आणि मग काठापासून आत आत धावदोरा घालत जायचं. तिचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा. माझा टाका बघून आजही म्हणते, "लांब गेला गो तुझा." गेली काही वर्षं तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. म्हणून पहिल्या फेरीत निघताना मी वीस सुया ओवून, दोऱ्याला गाठी मारून, एका जाड फडक्यात ओळीने खोचून ठेवल्या. हात-हातभर दोरा प्रत्येकीला. एक संपली की दुसरी घ्यायची. नोव्हेंबरात गेले तर वीसच्या वीस रिकाम्या. डिसेंबरात अठरा.

नोव्हेंबरची फेरी दिवाळीनंतर. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबरला सुरू झालं होतं. मिळकतीची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. एका कुटुंबात दोघं असतील तर पाच लाख दोघांत मिळून. अण्णांचं कार्ड ओटीपीवर घरबसल्या झालं. आईच्या आधारला मोबाइल नंबरच जोडलेला नव्हता. तो जोडायला आधार केंद्रात माणूस स्वतः जावा लागतो. फी तेव्हा पन्नास रुपये होती, ऑक्टोबर २०२५ पासून पंचाहत्तर झाली. नंबर जोडलेला दिसायला काही दिवस गेले, म्हणून आईचं कार्ड डिसेंबरच्या फेरीवर गेलं. माझं सांगणं एवढंच की बाकी काही करण्याआधी दोघांच्या आधारला चालू मोबाइल नंबर आहे ना ते बघा. पुढची निम्मी कामं तिथेच अडतात.

बँकेचं काम सगळ्यात लांबलं. पेन्शनचं खातं एकट्या अण्णांच्या नावावर होतं. ते आईबरोबर संयुक्त करून घ्यायचं होतं, दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो, अशा तऱ्हेचं. केंद्राच्या पेन्शनला असं खातं चालतं, आणि उद्या कुटुंब पेन्शन सुरू करताना आईला नव्या खात्यासाठी धावावं लागत नाही. पहिल्या खेपेला फॉर्म चुकीचा दिला गेला. दुसऱ्या खेपेला आईच्या नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि पीपीओवर एक निघालं. तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर. चौथ्या खेपेला, फेब्रुवारीत, झालं. त्या बँकेतल्या बाकड्यावर एकूण सात तास गेले असतील. तेवढ्यात माझे नऊ इंची चौकोन अकरा शिवून झाले. आख्खी गोधडी बाहेर नेता येत नाही, चौकोन पिशवीत मावतात, म्हणून वर्षभर मी चौकोनांचीच कामं घेतली. हाताला काम असलं की समोरच्या माणसाशी आवाज चढत नाही, हा माझा अनुभव. या सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे "मागे राहील तो" हे शब्द आई-अण्णांसमोर उच्चारणं. मी आठवडाभर वाक्यं जुळवत होते. अण्णांनी फॉर्म वाचला, खिशातलं पेन काढलं आणि सही करत म्हणाले, "हे दहा वर्षांपूर्वी करायला हवं होतं. मीच टाळलं."

औषधांवरून मात्र आमचं भांडण झालं. मी पुण्याहून वारांचे खण असलेला प्लास्टिकचा डबा नेला होता. त्यांनी तो उचलून कपाटावर ठेवला. "हे घर आहे, वॉर्ड नाही." मला रडू आलं, मी पडवीत जाऊन बसले. संध्याकाळी आईने तुकड्यांच्या गाठोड्यातून सात वेगवेगळी छिटं काढली आणि म्हणाली, "याला खिसे कर." भिंतीवर टांगायची एक पट्टी केली, सात खिसे, प्रत्येक वाराचं छीट निराळं. सोमवार म्हणजे आजीच्या जांभळ्या इरकलीचा, शनिवार अण्णांच्या जुन्या पट्टेरी शर्टाचा. ती पट्टी अण्णांनी स्वतः खिळा ठोकून टांगली. त्याआधी चिपळूणच्या डॉक्टरांना सगळ्या पाकिटांसकट दाखवून दुबार गोळी बंद करून घेतली होती. सांगायला हवं ते हे: जाताना चिठ्ठ्या नेऊ नका, घरातली सगळी पाकिटं पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता.

जानेवारीच्या फेरीत फडकं उघडलं तर एकोणीस सुया तशाच. दोऱ्यांना हातसुद्धा लागलेला नाही. आई म्हणाली, "थंडी होती, बोटं वळत नव्हती." फोनवर महिनाभर ती रोज "शिवत्ये थोडं थोडं" म्हणत होती. मी वाकळ उजेडात नेऊन पाहिली. डिसेंबरातल्या शेवटच्या ओळी वाकड्या गेलेल्या, दोन ठिकाणी टाका खालच्या थराला लागलाच नव्हता, आणि एका जागी तिने त्याच ओळीवर दुसऱ्यांदा शिवलं होतं. पांढऱ्यावर पांढरा दोरा तिला दिसत नव्हता. मी काही बोलले नाही. रात्री तिच्या पायाशी बसून म्हटलं, "आई, उद्या डोळे दाखवू या." ती लगेच हो म्हणाली. तिला किती दिवसांपासून कळत होतं कोण जाणे.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात पिकत आलेला. रक्ताच्या चाचण्या, साखर, ईसीजी, हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी, यात पंधरा दिवस. उजवा डोळा फेब्रुवारीच्या अखेरीस, डावा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. एका डोळ्याचे चोवीस हजार. कार्ड असूनही ते आम्ही पदरचेच भरले, कारण ते रुग्णालय योजनेत नव्हतं. रुग्णालय योजनेत आहे का, आणि आपली नेमकी शस्त्रक्रिया तिथे योजनेतून होते का, हे दोन्ही प्रश्न तपासणीच्या आधी विचारा. आम्ही नंतर विचारले. आईचा त्या डॉक्टरीणबाईंवर विश्वास बसला होता, म्हणून जागा बदलली नाही, आणि त्याचा पश्चात्ताप नाही.

ऑपरेशन वीस मिनिटांचं, त्यानंतरची पथ्यंच मोठी. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, खाली वाकायचं नाही, चुलीजवळ बसायचं नाही, आणि थेंब. पहिला आठवडा दिवसातून सहा वेळा, मग पाच, मग चार, असे सहा आठवडे. दोन्ही वेळा मी दहा दिवस राहिले. नंतर थेंब घालायचं काम अण्णांनी घेतलं. पोस्टातल्यासारखा तक्ता आखला, प्रत्येक थेंबाची वेळ आणि पुढे सही. दोन ऑपरेशनांच्या त्या तीन महिन्यांत आईने सुई हातात धरली नाही. दुपारी ती नुसती वाकळीवरून हात फिरवत बसायची, ओळी मोजत.

परतीच्या वेळा मला शेवटपर्यंत जड गेल्या. घाट चढताना भीती नव्हती आता, पण हेळवाकपर्यंत डोळे भरून यायचे. म्हणून मी तिथे दहा मिनिटं थांबून चहा घ्यायची सवय लावून घेतली. ओल्या डोळ्यांनी गाडी चालवू नये, हेही सांगण्यासारखंच आहे.

जून आणि जुलैच्या फेऱ्या एसटीने केल्या. पावसात कुंभार्लीत दरडी येतात, धुक्यात पुढची गाडी दिसत नाही. जुलै म्हटलं की आम्हा चिपळूणकरांच्या पोटात गोळा येतोच. २२ जुलै २०२१ च्या पुरात मावशीच्या घरी पहिला मजला निम्मा बुडाला होता. आमचं गाव उंचावर, तिथे पाणी आलं नाही. मावशीच्या पाच गोधड्या चिखलातून काढून आईने विहिरीवर सात पाण्यांतून धुतल्या. त्यातली एक अजून अण्णांच्या पाठीशी असते. गाडीत बसताना तीच चौघडी करून कमरेमागे देते, तासाभराच्या रस्त्याला त्यांची कंबर धरत नाही.

ऑगस्टपासून फास्टॅगचा वार्षिक पास आला. १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला, खासगी गाडीसाठी तेव्हा तीन हजार रुपये, दोनशे फेऱ्या किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी संपेल ते. यात एक नाका ओलांडला की एक फेरी मोजतात, त्यामुळे माझ्या एका खेपेला चार जातात. महिन्याला एकदा जाणाऱ्याला आठव्या खेपेपासून फायदा. राजमार्गयात्रा ॲपवरून घेतला, गणपतीला तोच वापरून गेले.

ऑक्टोबर २०२५ च्या ४ तारखेला तेरावी फेरी. अण्णांचा हयातीचा दाखला पडवीतल्या उजेडात सात मिनिटांत झाला. खुर्ची त्यांनी आधीच दाराकडे तोंड करून ठेवली होती, पीपीओ वर, चष्मा खिशात.

निघायच्या दिवशी सकाळी मी सुया ओवायला फडकं मागितलं. जूनपासून आई स्वतः दोरा ओवते, तरी मी सवयीने मागतेच. दोरा दोनदा सुईच्या नाकाबाहेर गेला. तिसऱ्यांदा चष्मा वर करून, दोऱ्याचं टोक ओलं करून पाहिलं. आई शेगडीपाशी उभी होती, बघत होती. तिने गॅस बंद केला, हात पुसले, माझ्या हातातून फडकं घेतलं आणि दारात बसली. वीस सुया ओवल्या, गाठी मारल्या, ओळीने खोचल्या, घडी घालून माझ्या पिशवीत वरच्या बाजूला ठेवल्या.

"पुढच्या महिन्यात रिकाम्या आण," म्हणाली.

त्यातल्या बारा आत्तापर्यंत वापरून झाल्यात.